परभाषेच्या शिक्षकाची शिदोरी

केंद्र सरकारने २०२० साली जे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण जाहीर केले, त्यात माध्यमिक शाळांतील मुलांना शिकता याव्यात म्हणून काही परदेशी भाषांची नावे घातली आहेत. कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि रशियन अशा या आठ भाषा आहेत. कागदावर ही यादी मोठी भारदस्त दिसते. आपल्या मुलांनी जगाशी जगाच्या भाषेत बोलावे, ही आकांक्षाही कोणी नाकारणार नाही. परंतु या भाषा शिकवणार कोण, आणि जे शिकवतील त्यांना शिकविण्याची विद्या कोणी, कोठे आणि कशी दिली, हा प्रश्न मात्र धोरणे आखणारांच्या बैठकीत क्वचितच निघतो. त्याहूनही क्वचित विचारला जातो तो दुसरा प्रश्न. ज्यांनी हे प्रशिक्षण घेतले, त्या शिक्षकांना स्वतःला त्याविषयी काय वाटते? दुखणे कोठे आहे हे रोग्याला विचारल्यावाचून औषध देणारा वैद्य आपण शहाणा मानीत नाही. शिक्षणाच्या क्षेत्रात मात्र आपण नेमके हेच करीत आलो आहोत.

हा प्रश्न आमच्या किनाऱ्याला परका नाही. गोव्याच्या शाळांतून फ्रेंच आणि पोर्तुगीज या भाषा पर्यायी विषय म्हणून शिकविल्या जातात. पोर्तुगीज राजवट १९६१ च्या डिसेंबरात संपली, तरी आमच्या जमिनींचे जुने दस्तऐवज, गावकऱ्यांचे म्हणजेच कोमुनिदादींचे दप्तर आणि पुराभिलेखागारातील असंख्य कागद त्याच भाषेत आहेत. ते वाचता येणारी पिढी हळूहळू मावळत चालली आहे. पर्यटनावर ज्यांची चूल पेटते अशा कुटुंबांतील मुलांना दोनचार परकी वाक्ये नव्हेत, तर नीट संभाषण यावयास हवे. जर्मनीत परिचारिकांना मागणी आहे, हे आता खेड्यापाड्यांतूनही ठाऊक झाले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बेर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळासंबंधी करार केला, तेव्हापासून जर्मनच्या वर्गांची चौकशी करणारांची संख्या वाढावी यात नवल नाही. २०१७ साली भारत आणि जपान यांच्यात जो समझोता झाला, त्यात पाच वर्षांत जपानी भाषेचे एक हजार शिक्षक तयार करण्याचा संकल्प सोडण्यात आला होता. त्या एका समझोत्याने तरी शिक्षकाची आठवण ठेवली, याबद्दल त्याचे कौतुक केले पाहिजे.

या सगळ्यात पणाला काय लागले आहे, हे स्पष्ट बोललेले बरे. परिचारिकेचे शिक्षण पुरे केलेली मुलगी जर्मनीत जाऊ पाहते, तेव्हा तिला बहुधा बी-२ या पातळीपर्यंतची भाषा यावी लागते. त्यासाठी घरचे लोक कर्ज काढतात, दागिने गहाण ठेवतात. ती परीक्षेत नापास झाली, की दोष तिच्या बुद्धीला दिला जातो. शिकविणाराला शिकविता येत होते की नाही, हे कोणी पाहत नाही. आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार, ही आपली म्हण येथे शब्दशः लागू पडते. मात्र आड कोरडा राहिला तो आडाच्या अपराधाने नव्हे. त्यात पाणी यावे म्हणून कोणी झरा मोकळा केला नाही, एवढे ध्यानात ठेवूनच ही म्हण वापरावी.

आपल्याकडे परभाषेचा शिक्षक घडतो कसा, हे पाहण्यासारखे आहे. गणिताचा वा इतिहासाचा शिक्षक पदवी घेतो, मग अध्यापक महाविद्यालयात जातो आणि आपल्या विषयाची अध्यापनपद्धती शिकून बाहेर पडतो. २०१५ पासून तर बी. एड.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा करण्यात आला. फ्रेंच, जर्मन वा पोर्तुगीज शिकविणाराची वाट बहुधा निराळी असते. त्याने भाषेच्या काही परीक्षा दिलेल्या असतात, त्यांत बरे गुण मिळविलेले असतात आणि एके दिवशी कोठेतरी जागा निघते म्हणून तो वर्गावर उभा राहतो. भाषा येते म्हणजे शिकविताही येते, असे नेमणाराने गृहीत धरलेले असते. हाच न्याय लावावयाचा तर उत्तम प्रकृतीचा प्रत्येक माणूस वैद्य म्हणून नेमावयास हरकत नाही. यदाकदाचित त्याने बी. एड. करावयाचे ठरविले, तर त्याच्या भाषेची अध्यापनपद्धती शिकविणारा अध्यापकच बहुतेक ठिकाणी सापडत नाही. मग तो इंग्रजीची वा दुसऱ्या एखाद्या विषयाची पद्धती घेऊन ती पदवी पदरात पाडून घेतो, आणि जे शिकला ते बाजूला ठेवून जे शिकला नाही ते शिकवू लागतो.

अशा वेळी तो करतो काय? आपले शिक्षक जसे शिकवीत तसे तो शिकवितो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ साली शाळाशिक्षकांविषयी लिहिलेल्या ग्रंथात या गोष्टीवर नेमके बोट ठेवले होते. प्रत्येक माणूस विद्यार्थिदशेत हजारो तास शिक्षकांना पाहण्यात घालवितो आणि ती नकळत झालेली उमेदवारी पुढे औपचारिक प्रशिक्षणावर मात करते, असे त्यांचे प्रतिपादन होते. आमच्या इकडे ही गोष्ट अधिकच खरी आहे. व्याकरणाचे नियम फळ्यावर लिहावेत, क्रियापदांची रूपे घोकून घ्यावीत, उताऱ्याचे इंग्रजीत भाषांतर करावे आणि तास संपवावा, ही रीत पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. तिच्यात तयार झालेला विद्यार्थी परीक्षेत उत्तीर्ण होतो, पण त्या भाषेच्या माणसाने वाट विचारली तर त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही.

परभाषेचे शिक्षक आपल्या प्रशिक्षणाविषयी बोलू लागले, की ते देश कोणताही असो, काही तक्रारी पुनःपुन्हा ऐकू येतात. पहिली ही, की सिद्धांत एका तीरावर आणि वर्ग दुसऱ्या तीरावर राहतो. प्रशिक्षणात पंधरा जणांच्या वर्गासाठी सुचविलेले खेळ आणि संवाद पन्नास मुलांच्या वर्गात, पस्तीसचाळीस मिनिटांच्या तासात कसे बसवावयाचे, हे कोणी सांगत नाही. दुसरी तक्रार, की प्रशिक्षण पावसाळी ओढ्यासारखे येते. दोन दिवसांची कार्यशाळा होते, प्रमाणपत्र मिळते, चहापान होते, आणि पुढील दोनतीन वर्षे शिक्षकाकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. तिसरी तक्रार सर्वांत दुखरी आहे आणि म्हणूनच सहसा उघड बोलली जात नाही. परभाषेच्या शिक्षकाची स्वतःची भाषा काळाबरोबर गंजत जाते. इतिहासाच्या शिक्षकाला पानिपतचे वर्ष विसरण्याची भीती नसते. जो दिवसभर पहिल्या इयत्तेची वाक्येच बोलतो आणि ज्याच्या आसपास ती भाषा बोलणारे दुसरे कोणी नाही, त्याची जीभ मात्र हळूहळू त्या पहिल्या इयत्तेतच येऊन बसते. प्रशिक्षणाच्या योजना आखणारे त्याला शिकविण्याच्या नव्या तऱ्हा सांगतात. त्याची भाषा ताजी ठेवण्याची व्यवस्था कोणी करीत नाही.

याच शिक्षकांना प्रशिक्षणातील काय उपयोगी पडले असे विचारले, तर उत्तरही बव्हंशी एकच येते. अनुभवी शिक्षकाचा पाठ मागे बसून पाहिला तो, आणि आपला पाठ त्याने पाहून नंतर एकान्तात चार शब्द सांगितले ते. पाण्यात पडल्यावाचून पोहता येत नाही हे खरे. मात्र नवशिक्याला पाण्यात ढकलून देऊन काठावरचे लोक घरी निघून जावेत, असा त्याचा अर्थ नव्हे. कोणीतरी जाणता जवळ हवा. युरोपात या दिशेने बराच विचार झाला आहे. भाषेच्या ए-१ ते सी-२ या ज्या सहा पातळ्या आता आपल्याकडेही विद्यार्थ्यांच्या तोंडी झाल्या आहेत, त्यांचा आराखडा युरोपीय परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केला. त्यानंतर २००७ साली ऑस्ट्रियातील ग्राझ येथील आधुनिक भाषांच्या केंद्राने भाषाशिक्षक होऊ पाहणारांसाठी एक स्वाध्यायवही तयार केली. आपल्याला काय जमते, काय अजून जमत नाही, पाठाची आखणी, संस्कृतीचा परिचय, विद्यार्थ्याचे मूल्यमापन या प्रत्येक बाबतीत आपण कोठवर आलो, हे उमेदवाराने स्वतःच तीत वेळोवेळी नोंदवावयाचे असते. शिक्षकाचे मत प्रशिक्षण संपल्यावर एखाद्या छापील अर्जात विचारण्याऐवजी त्या मतालाच प्रशिक्षणाचा भाग करून टाकण्याची ही कल्पना आम्हांस फार मोलाची वाटते.

शिक्षकांचे म्हणणे ऐकावे असे आम्ही म्हणतो, याचा अर्थ ते म्हणतील ते सर्व मान्य करावे असा मात्र नव्हे. सिद्धांताविषयीची जी तुच्छता त्यांच्या बोलण्यात कधीकधी डोकावते, तिच्याशी आम्ही सहमत नाही. आमच्या मते सिद्धांत फार झाला हे दुखणे नसून, तो दुसऱ्याच्या घरचा होता हे खरे दुखणे आहे. परदेशी संस्थांनी तयार केलेली पाठ्यपुस्तके आणि प्रशिक्षणाचे धडे साऱ्या जगासाठी एकच असतात. ब्राझिलच्या, तुर्कस्तानच्या आणि फोंड्याच्या विद्यार्थ्यांत ते फरक करू शकत नाहीत, आणि त्यांनी तो करावा अशी अपेक्षाही योग्य नव्हे. तो फरक करणे हे आमचे काम होते. ते आम्ही केले नाही.

याचे परिणाम अगदी साध्या गोष्टींत दिसतात. फ्रेंचमध्ये, जर्मनमध्ये समोरच्या माणसाला उद्देशून दोन सर्वनामे आहेत, एक सलगीचे आणि एक आदराचे. मराठी मुलाला हे समजावण्यास काय कष्ट आहेत? ‘तू’ आणि ‘तुम्ही’ तो आईच्या मांडीवरच शिकलेला असतो. परंतु आपला शिक्षक हे इंग्रजीतून समजावू लागतो, आणि ज्या भाषेत सर्वांना एकच सर्वनाम पुरते तिच्या आधाराने दोन सर्वनामांचा भेद सांगताना तो स्वतः घामाघूम होतो आणि मुलालाही घाम फोडतो. जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत म्हणून इंग्रज विद्यार्थी कपाळाला हात लावतो. तो दगड, ती वाट, ते झाड म्हणणाऱ्या मुलाला त्यात भिण्यासारखे काय आहे? जर्मनमध्ये मुलगी या अर्थाचा शब्द नपुंसकलिंगी आहे, याचे पुस्तकांतून मोठे आश्चर्य केलेले असते. आमच्या कोंकणीत ‘चेडूं’ नपुंसकलिंगीच आहे, आणि तरुण मुलीला ‘तें’ म्हणताना आमच्या आयाबहिणींना कधी आश्चर्य वाटलेले नाही. ‘मी आंबा खाल्ला’ आणि ‘मी पोळी खाल्ली’ यांत क्रियापद कर्माप्रमाणे बदलते, हे ज्याच्या अंगी मुरले आहे, त्याला फ्रेंच भाषेत कर्म आधी आले असता भूतकाळी धातुसाधित त्याच्या लिंगाप्रमाणे का बदलते, हे दोन मिनिटांत पटवून देता येईल.

पोर्तुगीजचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. त्या भाषेत ‘असणे’ या अर्थाची दोन क्रियापदे आहेत, ‘सेर’ आणि ‘एस्तार’. स्वभावतः असणे आणि त्या घटकेपुरते असणे, असा त्यांच्यात स्थूलमानाने भेद आहे. ‘बर्फ थंड असते’ आणि ‘चहा थंड आहे’ या दोन मराठी वाक्यांतील भेद ज्याला जाणवतो, त्याच्या हाती या कोड्याची किल्ली आधीच आहे. मात्र ही किल्ली सगळीकडे चालत नाही. ‘मी शिक्षक आहे’ या वाक्यात मराठीत ‘आहे’ येते, तर पोर्तुगीजमध्ये ‘सेर’ची योजना करावी लागते. मातृभाषेची शिडी कोठवर पोचते आणि कोठे सोडावी, हे ज्याला कळते तो प्रशिक्षित शिक्षक. हे ज्ञान लिस्बनहून वा म्युनिकहून येणार नाही. ते येथेच, मराठी आणि कोंकणी जाणणाऱ्या अध्यापकांनी बसून सिद्ध करावयास हवे. आणि शब्दांचे भांडार? पगार, चावी, बटाटा, पाव, लिलाव, घमेले, परात, फीत, कोबी, पपई असे किती शब्द चारशे वर्षे आपल्या स्वयंपाकघरात आणि बाजारात पोर्तुगीजमधून येऊन नांदत आहेत. पहिल्याच तासाला विद्यार्थ्याला वीसपंचवीस शब्द आधीच येतात असे सांगणारा शिक्षक त्याची निम्मी भीती घालवितो.

स्वतःच्या भूमीवर उभे राहून भाषाशिक्षणाचा विचार करण्याची परंपरा या देशात नाही असे नाही. डॉ. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील सामान्य शाळांत इंग्रजी शिकविण्याचा जो प्रयोग केला, तो बंगळूर प्रकल्प या नावाने जगभर अभ्यासला जातो. व्याकरणाचे धडे न देता मुलांपुढे विचार करावयास लावणारी कामे ठेवावीत, ती पार पाडताना भाषा आपोआप रुजते, असा त्यामागील विचार होता. त्यावरील त्यांचा ग्रंथ १९८७ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९९० साली लिहिलेल्या एका लेखात त्यांनी असे मांडले, की सर्वोत्तम अशी एकच पद्धती नसते. शिकविण्यातून शिकणे कसे घडते याविषयी शिक्षकाच्या मनात स्वतःची अशी एक जिवंत समजूत असावी लागते, आणि ती मेली की उत्तमातली उत्तम पद्धतीही यांत्रिक होते. प्रशिक्षणाचे ध्येय काय असावे, याचे याहून नेमके उत्तर आम्हांस ठाऊक नाही. शिक्षकाच्या हाती ठरावीक कृती देणे एवढेच प्रशिक्षणाचे काम नव्हे. त्याची ती समजूत जागी करणे आणि जागी ठेवणे, हे खरे काम आहे.

संस्थांचा विचार केला तर चित्र संमिश्र आहे. हैदराबाद येथे १९५८ साली इंग्रजीसाठी केंद्रीय संस्था स्थापन झाली. १९७२ साली तिच्या नावात आणि कार्यात परदेशी भाषांचा समावेश झाला आणि २००७ साली तिला केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत परकीय भाषा शिकून कित्येक पिढ्या बाहेर पडल्या. गोवा विद्यापीठ १९८५ साली सुरू झाले आणि तेथे पोर्तुगीजचे उच्च शिक्षण मिळते. मॅक्सम्युलर भवन, आलियान्स फ्रान्सेझ, कामोंइश संस्था, १९९५ पासून पणजीत कार्य करणारी फुंदासांव ओरिएंत, या सर्वांनी आपापल्या भाषेच्या शिक्षकांसाठी जे केले त्याबद्दल कृतज्ञच राहिले पाहिजे. मात्र कृतज्ञता निराळी आणि परावलंबन निराळे. या संस्था आपापल्या राष्ट्राच्या भाषेचा प्रसार करण्यासाठी आहेत. त्यांचे धोरण, त्यांचे अंदाजपत्रक आणि त्यांची प्राथम्ये त्यांच्या राजधानीत ठरतात.

करारावर उभारलेल्या इमारतीचे काय होते, हे आपण एकदा पाहिले आहे. केंद्रीय विद्यालयांत २०११ साली झालेल्या करारान्वये जर्मन ही तिसरी भाषा म्हणून शिकविली जाऊ लागली. २०१४ च्या अखेरीस, शैक्षणिक वर्ष अर्ध्यावर आले असता, तो करार नियमबाह्य ठरवून जर्मनच्या जागी संस्कृत आणण्याचा निर्णय झाला. सुमारे ७० हजार विद्यार्थ्यांवर त्याचा परिणाम होणार होता. संस्कृतचा अभिमान आम्हांस कोणाहून कमी नाही, आणि त्रिभाषा सूत्रात परदेशी भाषेला स्थान असावे की नसावे यावर दोन मते असू शकतात. परंतु त्या साऱ्या गदारोळात संस्कृत की जर्मन यावर जितकी वर्तमानपत्रे खर्ची पडली, त्याच्या शतांशानेही ज्यांनी वर्षे घालून जर्मनचे अध्यापन आत्मसात केले होते त्या शिक्षकांचे पुढे काय, याची चर्चा झाली नाही. ज्या व्यवसायाचा पाया एका सहीने उचलता येतो, त्यासाठी हुशार तरुणांनी आयुष्य का वाहावे?

भाषा हुकमाने शिकविता येत नाही, हा धडा या भूमीने तर फार पूर्वीच गिरविला आहे. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्व्होरचा काउंट याने फर्मान काढून तीन वर्षांच्या मुदतीत रयतेने देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे असे फर्माविले. मुदत संपली, फर्मान काढणारे गेले, कालांतराने सत्ताही गेली. देवळांच्या अग्रशाळांत, घरांच्या ओसरीवर मराठी धुळाक्षरे गिरविली जातच राहिली. याच्या नेमके उलट उदाहरणही याच मातीतले आहे. १५७९ साली गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स येथील लोकांची भाषा श्रद्धेने शिकला. त्याने १६१६ साली रायतूर येथे मराठी ओवीबद्ध क्रिस्तपुराण छापले आणि कोंकणीचे व्याकरण रचले. ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली प्रसिद्ध झाले. धर्मप्रसाराचा त्याचा हेतू आम्हांस मान्य नसला, तरी परभाषेकडे जाण्याची त्याची रीत, तिचा कान घेण्याची, तिची घडण समजून घेण्याची त्याची चिकाटी, ही कोणत्याही भाषाशिक्षकाने अभ्यासावी अशीच आहे. १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले आणि हिंदूंना लिसेवची व सरकारी नोकरीची दारे खऱ्या अर्थाने उघडली, तेव्हा आमच्याच समाजातील मुलांनी पोर्तुगीज आणि फ्रेंच या भाषा अशा काही आत्मसात केल्या की राज्यकर्त्यांनाही अचंबा वाटावा. हुकमाने जे झाले नाही ते संधीने आणि चांगल्या शिक्षकांनी झाले.

यावर कोणी म्हणेल, की खरा शिक्षक जन्मावा लागतो, घडविता येत नाही. आणि उदाहरण म्हणून आमच्याच साखवाळच्या धर्मानंद कोसंबींचे नाव पुढे करील. घर सोडून निघालेला हा तरुण सिंहलद्वीपात जाऊन पाली शिकला, पुढे त्याने पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ती शिकविली, अमेरिकेत हार्वर्डला आणि रशियात लेनिनग्राडला तो अध्यापनासाठी गेला. त्याच्याजवळ कोणती बी. एड. होती? प्रश्न ठीक आहे. पण एका शतकात एक धर्मानंद होतो. शाळांची घंटा मात्र रोज सकाळी वाजते आणि प्रत्येक वर्गावर कोणीतरी उभे असावे लागते. असामान्यांना प्रशिक्षणाची गरज नसते म्हणून सामान्यांनाही ती नसते, हा तर्क लंगडा आहे. शिवाय कोसंबींना प्रशिक्षण नव्हते हेही पुरते खरे नाही. विद्वान भिक्षूंच्या सहवासात, त्यांचे शिकविणे रोज पाहत, त्यांच्या हाताखाली ते शिकले. आजचे शिक्षक मागतात ते हेच.

दुसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे. खिशातला दूरध्वनी आता कोणत्याही वाक्याचे भाषांतर क्षणात करून देतो, मग परभाषेचा शिक्षक हवाच कशाला? भाषांतराचे यंत्र दुकानदाराशी सौदा करून देईल. पण रुग्णालयात रात्री तीन वाजता वेदनेने कण्हणाऱ्या वृद्धाच्या उशाशी उभ्या असलेल्या परिचारिकेने आधी यंत्र काढावे आणि मग धीर द्यावा, असे कोणी म्हणेल काय? उलट यंत्रामुळे शिक्षकाचे काम अधिक अवघड झाले आहे. घरी लिहून आणलेला निबंध कोणाचा, हे आता त्याला कळत नाही. या नव्या परिस्थितीत काय शिकवावे आणि कसे तपासावे, याचे मार्गदर्शन त्याला कोण करतो?

तिसरा आक्षेप आम्हांस सर्वांत जवळचा वाटतो. मराठी शाळा एकामागून एक बंद पडत असता परकीय भाषांच्या शिक्षकांची चिंता कशाला वाहावी? ज्यांना मराठीची तळमळ आहे त्यांनीच हा प्रश्न विचारावा हे योग्य आहे. आमचे उत्तर असे, की हे दोन प्रश्न निराळे नाहीत. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद येथील मराठी कुटुंबांची आजची मुले घरात मराठी ऐकतात, परंतु शाळेत ती शिकत नाहीत. त्यांना मराठी वाचावयास, लिहावयास शिकविणे हे आता जवळजवळ परभाषा शिकविण्याइतकेच नाजूक कौशल्याचे काम झाले आहे. बेळगावच्या सीमाभागात आणि गोव्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांतही हाच अनुभव येत आहे. ज्याची ती व्यवहाराची भाषा नाही अशा मुलाला भाषा कशी द्यावी, ही एकच विद्या आहे. जर्मनच्या शिक्षकाला ती लागते आणि उद्या मराठीच्याही लागणार आहे. ती आज या राज्यात रुजली, तर तिचे फळ मराठीच्या पदरातही पडेल.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. गोव्यातील अध्यापक महाविद्यालयांतून निदान एका ठिकाणी तरी पोर्तुगीज, फ्रेंच आणि जर्मन यांच्या अध्यापनपद्धतीचा रीतसर विषय असावा, आणि तो मराठी-कोंकणीच्या पायावर रचलेला असावा. विद्यापीठाचा भाषाविभाग आणि पर्वरीची राज्य शिक्षण संशोधन व प्रशिक्षण परिषद यांनी मिळून हे काम हाती घेणे कठीण नाही. नव्या शिक्षकाला पहिले वर्षभर एखाद्या अनुभवी शिक्षकाच्या जोडीने काम करू द्यावे, आणि त्या अनुभवी शिक्षकाला त्याबद्दल तासांत सवलत द्यावी. कार्यशाळा कमी घ्याव्यात, पण घेतलेल्या कार्यशाळेचा पाठपुरावा वर्षभर व्हावा. प्रत्येक शिक्षकाला ठरावीक वर्षांनी आपली भाषा ताजी करण्यासाठी सवेतन अवधी मिळावा. परदेशी संस्थांचे साहाय्य अवश्य घ्यावे, पण शिक्षकाची जागा आणि वेतन राज्याच्या अंदाजपत्रकात असावे. तासांवर मोबदला घेऊन चार शाळांत धावणारा शिक्षक, त्याला कितीही प्रशिक्षण दिले, तरी धावण्यातच दमून जातो. आणि या सर्वांच्या आधी, ज्यांनी प्रशिक्षण घेतले त्या शिक्षकांना बोलावून त्यांचे म्हणणे नोंदवून घ्यावे, आणि त्या नोंदी कपाटात न ठेवता त्यांवरून पुढील वर्षाचा कार्यक्रम आखावा.

प्रवासाला निघालेल्या माणसाला आपल्या घरात शिदोरी बांधून देण्याची रीत आहे. परभाषेचा शिक्षक तर शेकडो मुलांना दूरच्या प्रवासाला घेऊन निघालेला असतो. त्याला रिकाम्या हाती धाडून वाटेत मुले उपाशी का राहिली, असे विचारण्याचा अधिकार मग आपल्याला उरत नाही. आठ भाषांची यादी २०२० साली छापून झाली. ती शिकविणारांच्या तयारीचा आराखडा आमच्या राज्याने अजून मांडलेला नाही. येत्या अंदाजपत्रकात त्याला एक ओळ तरी मिळते काय, इकडे आमचे लक्ष राहील.